धर्मग्रामाची ‘वस्तूंची खोली’ : तीन पिढ्यांचे घर रिकामे करताना आलेला अनुभव

२०२५च्या उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या, थोडे आधीपासून वसईच्या वाडीतले आमचे जुने घर आम्ही रिकामे करू लागलो आणि ईस्टरच्या आठवड्यात आम्ही दोघे नवरा-बायको स्टेशनजवळच्या इमारतीतल्या दोन खोल्यांत राहायला आलो. ओटी, पडवी, माजघर, तीन खोल्या, स्वयंपाकघर, मागची न्हाणी आणि या सगळ्यावर पसरलेला माळा एवढ्या जागेत तीन पिढ्यांनी साठवलेले सामान साडेचारशे चौरस फुटांत मावणार नाही, हे कळायला गणिताचा शिक्षक असण्याची गरज नव्हती, जरी मी चौतीस वर्षे तोच होतो. प्रश्न होता तो हे सामान कोणाला द्यायचे आणि कसे, हा. नातेवाईक, भंगारवाला, मोबाइलवरची विक्री असे सगळे मार्ग चाचपून झाल्यावर सर्वांत जास्त सामान जिथे गेले, ती जागा म्हणजे आमच्या धर्मग्रामाने, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरातल्या ख्रिस्ती समाजाने, चालवलेली ‘वस्तूंची खोली’. त्यानंतर शेजारच्या आळीतल्या आणि आजूबाजूच्या धर्मग्रामांतल्या निदान दहा-बारा घरांतून ‘तिथे द्यावे का’ अशी विचारणा झाली. प्रत्येकाला निरनिराळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हे परीक्षण. धर्मग्रामाचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही मांडल्या आहेत. त्या संबंधितांच्या तोंडावर सांगून झाल्या आहेत, तेव्हा चारचौघांत नाव घेऊन त्या पुन्हा उगाळण्याचे कारण नाही.

खोली म्हणजे चर्चच्या सभागृहामागे असलेला जुना वर्ग. पूर्वी तिथे रविवारचे धर्मशिक्षण चाले; फळ्याची हिरवी चौकट अजून भिंतीवर आहे आणि त्यावर आता दरपत्रक खडूने लिहिलेले असते. रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) साडेनऊ ते साडेअकरा आणि बुधवारी संध्याकाळी पाच ते सात एवढाच वेळ ती उघडी असते. आत जाताना डाव्या हाताला घेण्याचे टेबल, उजव्या हाताला विकण्याचे, आणि मध्ये लोखंडी रॅकवर मापानुसार लावलेले कपडे, भांडी, चादरी, शाळेची दप्तरे, चालण्याच्या काठ्या, दोन चाकांच्या खुर्च्या. पाच-सहा स्वयंसेवक आळीपाळीने काम पाहतात आणि त्यांतले बहुतेक सत्तरीकडे झुकलेले आहेत. घेण्याच्या टेबलावर एक निवृत्त परिचारिका बसतात. या खोलीचा दर्जा काय आहे, हे ठरवायचे तर त्या बाईंपासूनच सुरुवात करावी लागेल.

पहिल्या रविवारी मी दोन पोती कपडे घेऊन गेलो, तेव्हा माझी समजूत अशी होती की पोती ठेवायची, आभार ऐकायचे आणि घरी यायचे. बाईंनी पहिले पोते टेबलावर पालथे केले. प्रत्येक शर्टाची कॉलर त्या उलटून पाहत होत्या, काखेत बोट घालून शिवण ताणत होत्या, बटणे वरून खाली मोजत होत्या. माझा एक निळा शर्ट त्यांनी उजेडाकडे धरला आणि विचारले, “सर, हा तुम्ही तुमच्या भावाला दिला असता का?” कोपराजवळ कापड इतके विरले होते की त्यातून खिडकीचे गज दिसत होते. मी गप्प राहिलो. त्यांनी तो शर्ट बाजूला ठेवला, पोते संपेपर्यंत तशा सतरा कपड्यांची चळत झाली, आणि ती चळत माझ्याच पोत्यात भरून त्यांनी मला परत दिली. “याची फडकी करा,” एवढेच त्या म्हणाल्या. तो माझा अपमान आहे असे मला त्या वेळी वाटले. घरी येईपर्यंत मी बराच तणतणलो. रात्री उरलेले कपडे निवडायला बसलो, तेव्हा मात्र हात आपोआप कॉलरकडे जाऊ लागला.

खोलीचे नियम दारावरच्या पुठ्ठ्यावर आहेत. कपडे धुतलेले आणि घडी केलेले हवेत. कपाट असेल तर किल्ली सोबत हवी. विजेची वस्तू तिथल्या तिथे प्लगला लावून पाहिली जाते आणि मिक्सर फिरला नाही तर मिक्सर आणि तुम्ही दोघेही आल्या वाटेने परत जाता. गाद्या, उशा, औषधे, आतले कपडे आणि एकटी पडलेली चप्पल घेत नाहीत. हे सगळे वाचताना कडक वाटते, परंतु त्यामागचे कारण जागेच्या टंचाईपेक्षा वेगळे आहे, आणि तोच मला या सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटतो: इथे वस्तू टाकता येत नाही, द्यावी लागते. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये एक माणूस बसलेला असतो आणि तो दोघांचीही लाज राखतो.

हा फरक मला आधी कळला नसता, पण मेलबर्नला मुलीकडे गेलो असताना ‘व्हिनीज’ नावाची दुकाने पाहिली होती. सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेची ही दुकाने तिथे गावोगाव आहेत. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह ही संस्था सुरू केली आणि गरिबाच्या घरी स्वतः जाऊन भेटायचे, दान दुसऱ्याच्या हाती पाठवायचे नाही, हा तिचा पहिल्यापासूनचा बाणा. आपल्याकडच्या अनेक धर्मग्रामांतही तिच्या शाखा निष्ठेने काम करीत आल्या आहेत. आमची खोली त्या संस्थेची नाही, पण बाणा तोच उचललेला दिसतो. मेलबर्नची दुकाने मोठी, स्वच्छ आणि देखणी आहेत. मात्र तिथल्या दान-पेट्यांबाहेर रात्रीच्या अंधारात लोक फाटक्या गाद्या आणि मोडके टीव्ही टाकून जातात आणि तो कचरा उचलण्याचा खर्च धर्मादाय संस्थांच्या माथी बसतो, ही तिथली नेहमीची तक्रार आहे. पेटीला डोळे नसतात, हे त्याचे कारण. आमच्या परिचारिकाबाईंना आहेत.

आता इतर मार्गांशी तुलना. भंगारवाला तत्पर असतो, घरी येतो, रोख देतो. पण त्याच्या काट्यावर आजीचे घंगाळ आणि गंजलेला पत्रा यांच्यात फक्त दराचा फरक असतो, आणि तो त्याचा दोष नाही. मोबाइलवर कपाटाचे चित्र टाकले, तर तीन दिवसांत चाळीस जणांनी ‘शेवटची किंमत’ विचारली आणि पाहायला एकही आला नाही. दूरच्या कामासाठी द्यायचे असेल तर १९९९पासून दिल्लीहून काम करणारी ‘गूंज’ ही संस्थाही आहे, तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि कपडा ही दया म्हणून फेकायची गोष्ट नसून माणसाच्या मानाची गोष्ट आहे, हा त्यांचा विचार मला पटलेला आहे. पण लाकडी पलंग, पाटा-वरवंटा आणि बारा खुर्च्या कुरियरने जात नाहीत. नातेवाइकांविषयी काय लिहावे? प्रत्येकाला आईचे काहीतरी ‘आठवण म्हणून’ हवे होते आणि प्रत्येकाच्या आठवणीत नेमके तांब्या-पितळेचेच काही होते.

खोलीत वस्तू फुकट मिळत नाही, यावर सुरुवातीला माझा आक्षेप होता. शर्ट पंधरा रुपये, साडी तीस, पातेली आकाराप्रमाणे वीसपासून शंभरपर्यंत, लाकडी कपाट आठशे. देवळाच्या दारात गरिबाकडून पैसे कशाला घ्यायचे, असे मी बाईंनाच विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. “थांबा थोडा वेळ,” म्हणाल्या. थोड्या वेळाने पूर्वेकडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक उत्तर प्रदेशी तरुण आला, त्याने तीन कुकर उघडून पाहिले, शिट्ट्या वाजतात का ते विचारले, एकाची रिंग सैल आहे म्हणून तो परत ठेवला, मग बाईंनी टेबलाखालच्या डब्यातून नवी रिंग काढून दिली, ती बसवून त्याने झाकण दोनदा फिरवले, दहा रुपये कमी करायला लावले आणि नव्वद रुपये मोजून कुकर पिशवीत घालून गेला. फुकट मिळालेल्या कुकरची रिंग कोणी तपासत नाही, आणि तपासली तरी बोलत नाही. त्या तरुणाला कोणी त्याचे नाव विचारले नाही, धर्म तर नाहीच. आलेले पैसे औषधोपचार आणि शाळेच्या फीसाठी वापरले जातात आणि महिन्याचा हिशेब फळ्याशेजारी लावलेला असतो. मी सवयीने बेरीज तपासली, ती बरोबर होती.

उपवासकाळाचा आणि या खोलीचा संबंध केवळ पंचांगाचा नाही. या काळात सांगितलेल्या प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तिन्हींपैकी दानधर्म आपण सर्वांत सोपा करून ठेवलेला आहे: पाकीट, पाकिटात नोट, पाकीट दानपेटीत. त्या वर्षी आमच्या फादरांनी एका प्रवचनात बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला तो धनवान शेतकरी घेतला होता, ज्याचे पीक इतके येते की तो जुनी कोठारे मोडून मोठी बांधायचे ठरवतो आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. त्याच उताऱ्यावर चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप संत बासिल यांनी केलेल्या प्रवचनाचा आशय फादरांनी सांगितला: तुझ्या कपाटात पडून राहिलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे, तुझ्याकडे कुजत पडलेले जोडे अनवाणी माणसाचे आहेत. मी त्या वेळी मनात माळा मोजत होतो. माझ्या माळ्यावर अकरा छत्र्या होत्या, त्यांतल्या चार उघडत होत्या. आणि बासिल यांचा युक्तिवाद गणिताच्या दृष्टीने पाहिला तरी त्यात चूक सापडत नव्हती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. वस्तू सोडण्याचे कौतुक ज्याचे पोट भरलेले आहे त्यालाच परवडते. साधुसंतांनी घेतलेले दारिद्र्याचे व्रत आणि निवृत्तिवेतनधारकाने रिकामा केलेला माळा यांना एका मापाने मोजण्यात अर्थ नाही. शिवाय आमच्या बाबतीत आणखी एक पीळ आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा वाढत्या शहरापासून वाड्या आणि विहिरी वाचवण्यासाठी निघालेल्या मोर्च्यांत मीही घोषणा दिल्या होत्या. आज मी वाडीतले घर सोडून त्याच शहरातल्या सदनिकेत राहतो. गुडघे, मुलांचे परदेशी असणे, कौले शाकारायला माणूस न मिळणे ही सगळी कारणे खरी आहेत, आणि तरीही ती कारणेच आहेत. खोलीत सामान घेऊन येणाऱ्या पाच घरांपैकी तीन घरे अशीच वाडीतून इमारतीत चाललेली असतात, हे टेबलाशी बसलेल्या कोणीही तुम्हाला सांगेल.

आता त्या भागाकडे येतो, ज्यासाठी मी या खोलीची शिफारस सर्वांत मोकळेपणाने करीन. ख्रिस्ती घर रिकामे करताना खरी अडचण कपाटांची नसते, आशीर्वादित वस्तूंची असते. आमच्या घरात येशूच्या पवित्र हृदयाच्या दोन तसबिरी होत्या, पवित्र मारियेचे प्लास्टरचे तीन पुतळे होते, त्यांतल्या एकाची बोटे तुटलेली. तमिळनाडूतल्या वेलंकनी या तीर्थक्षेत्राहून आणलेल्या बाटल्या होत्या, कसर लागलेले एक जुने बायबल होते, आणि मोजल्या तेव्हा सव्वीस जपमाळा निघाल्या, कारण घरातल्या प्रत्येक मयताची जपमाळ कोणीतरी ‘असू दे’ म्हणून ठेवली होती. या वस्तू भंगारात देता येत नाहीत, कचऱ्यात टाकता येत नाहीत, आणि विसर्जनाची प्रथा आपल्याकडे नाही. परिणामी त्या एका घराच्या माळ्यावरून दुसऱ्या घराच्या माळ्यावर जात राहतात. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या १९८३च्या कायदेसंहितेतले ११७१वे कलम सांगते की पवित्र वस्तू खाजगी मालकीच्या असल्या तरी त्या आदरानेच वागवाव्यात आणि लौकिक किंवा अनुचित कामासाठी वापरू नयेत. पण आदराने वागवायचे म्हणजे रविवारी दुपारी नेमके काय करायचे, हे सांगणारा माणूस लागतो.

तो माणूस खोलीत आहे. एक वयस्कर मेस्त्री कोपऱ्यातल्या वेगळ्या टेबलावर या वस्तू घेतात आणि त्यांना किंमत लावली जात नाही. चांगल्या स्थितीतल्या जपमाळा आणि तसबिरी नव्याने संसार मांडणाऱ्यांना किंवा प्रथम ख्रिस्तशरीर (मिस्सातला पवित्र प्रसाद) घेणाऱ्या मुलांना तशाच दिल्या जातात. मोडलेल्या, फाटलेल्या वस्तूंसाठी धर्मगुरूनिवासामागे चिकूच्या झाडाखाली एक खड्डा आहे. जे जळते ते जाळून त्याची राख आणि जे जळत नाही ते तसेच, त्या मातीत पुरले जाते. तुटक्या बोटांचा पुतळा मेस्त्रींनी जुन्या पांढऱ्या कापडात गुंडाळला, खड्ड्यात आडवा ठेवला, आणि फावडे माझ्या हातात दिले. आम्ही एकदा ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हटली. पुतळ्याला त्यांनी ज्या हाताने मानेखाली आधार दिला होता, तो हात मला तान्ह्या मुलाला निजवणाऱ्या माणसाचा वाटला. एवढ्या वर्षांत तसबिरींच्या मागे खोचलेल्या झावळ्याही त्यांनी घेतल्या. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेली पाती दरवर्षी नवी येत होती आणि जुनी कोणी काढत नव्हते, त्यामुळे एका तसबिरीमागेच अकरा वर्षांचा गठ्ठा निघाला. त्या राखेच्या बुधवारच्या, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आधी जाळायच्या टोपलीत गेल्या; अशा झावळ्यांचीच राख त्या दिवशी कपाळावर लावतात. ५ मार्चला फादरांनी कपाळावर राख लावली, तेव्हा तिच्यात थोडी आमच्या ओटीवरची असणार.

आईच्या लाल लुगड्यांचेही असेच समाधानाने झाले. विक्रीच्या रॅकवर ती तीस रुपयांना टांगली जातील, या विचाराने पत्नी अस्वस्थ होती. बाईंनी न सांगताच ती वेगळी काढली. सणाच्या मिरवणुकीत आमच्या समाजातल्या मुलींना नेसायला आता जुनी लुगडी मिळत नाहीत, म्हणून अशी लुगडी खोलीतच जपून ठेवतात आणि नोंद करून उसनी देतात. वसईकराला आपली वस्तू दुसऱ्याच्या अंगणात पाहण्याची सवय तशी जुनी आहे. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर इथल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही आहेत. मेणवलीची घंटा मी पाहिली आहे. त्या घंटा कोणी दान दिल्या नव्हत्या हे खरे, पण वाजतात चांगल्या.

तक्रारी तीन. पहिली पुस्तकांची. खोलीला पुस्तकांतले काही कळत नाही, हे मी स्पष्ट लिहितो. माझी चार खोकी मराठी पुस्तके आणि बांधून ठेवलेली मासिके घेताना ‘शाळेच्या वाचनालयात जातील’ असे मला सांगण्यात आले. महिन्याभराने रद्दीच्या दुकानात वर्तमानपत्रे द्यायला गेलो, तर सुतळीने बांधलेल्या एका गठ्ठ्याच्या वरच्या पुस्तकावर माझी सही. दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. “सर, हे तुमचे का? घेऊन जा, पैसे नकोत,” असे तो म्हणाला, आणि त्याच्या त्या औदार्याने मला जास्तच ओशाळवाणे झाले. मी गठ्ठा विकत घेतला. स्वयंसेवकांना विचारले तेव्हा कळले की वाचनालयाने जागा नाही म्हणून खोकी परत पाठवली होती आणि पावसाच्या भीतीने कोणीतरी ती रद्दीत दिली. चूक समजण्यासारखी आहे. पण ज्या टेबलावर शर्टाची बटणे मोजली जातात, तिथे पुस्तकांबाबत एक फोनसुद्धा होऊ नये, हे पटत नाही. पुस्तके असतील तर स्वतः वाचनालय शोधा.

दुसरी तक्रार टेम्पोची. मोठ्या सामानासाठी खोलीच्या ओळखीचा टेम्पो सहाशे रुपयांत मिळतो, हा दर वाजवी आहे, पण आम्हाला सकाळी नऊचा दिलेला टेम्पो दुपारी अडीचला आला आणि तोपर्यंत बारा खुर्च्या आणि दोन पलंग रस्त्याच्या कडेला मांडून आम्ही दोघे त्यांतल्याच दोन खुर्च्यांवर बसून होतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘घर विकले का’ विचारत होता. सामानाची पावतीही मिळाली नाही. वहीत नोंद होते एवढेच.

तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे. राखेच्या बुधवारी दरवर्षी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला जो उतारा वाचला जातो, त्यात दान करताना पुढे कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू देऊ नका, असे येशू स्पष्ट सांगतो. तो उतारा ऐकून चार दिवस होतात न होतात, तोच रविवारच्या पत्रकात खोलीला ‘भरघोस सामान’ देणाऱ्या कुटुंबांची यादी छापून आली आणि त्यात आमचे नाव दुसऱ्या क्रमांकावर होते. कपाटे किती, पलंग किती, हेही. हेतू चांगला असेल, इतरांना प्रेरणा मिळावी वगैरे. पण मिस्सानंतर बाहेर पडताना एका गृहस्थाने माझे अभिनंदन केले, आणि त्याच्या मागे उभी असलेली बाई आमच्याच चादरी विकत घेऊन चाललेली होती. मी समितीला लेखी कळवले. त्यानंतर यादी बंद झाली. आता फक्त एकूण किती वस्तू आल्या आणि किती गेल्या, एवढाच आकडा येतो.

आम्ही सदनिकेत प्रत्यक्ष राहायला गेलो ते ईस्टरच्या आठवड्यात. २१ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, पोप फ्रान्सिस गेल्याचे कळले तेव्हा टीव्ही खोक्यातच होता आणि बातमी शेजाऱ्यांच्या फोनवर पाहिली. २०१३ साली निवड झाल्यावर प्रशस्त पोपनिवास सोडून ते सांता मार्टा या अतिथिगृहातल्या साध्या खोल्यांत राहिले होते, आणि मृत्युपत्रात त्यांनी सजावट नसलेली, मातीतली कबर आणि तिच्यावर फक्त ‘फ्रान्सिस्कुस’ एवढे एक नाव मागितले होते. नवी जागा पाहायला आलेली प्रत्येक पाहुणी पत्नीला हेच उदाहरण देऊन धीर देत होती. “पोपांच्या स्वयंपाकघरात निदान ओटा तरी मोठा असेल,” असे पत्नी शेवटी म्हणाली.

व्यवहाराचे थोडे. सामान एकदम नेऊ नका. आम्ही सहा रविवार केले आणि ते योग्य ठरले, कारण प्रत्येक वेळी बाईंनी परत केलेल्या वस्तूंवरून पुढच्या वेळी काय न्यायचे ते उमगत गेले. भांड्यांवर घातलेली नावे खोडू नका, त्याची गरज नसते. आमच्या स्टीलच्या डब्यांवर टिंबाटिंबांनी आईचे नाव आणि १९६१ हे साल कोरलेले आहे आणि त्यांतला एक डबा मी नंतर रिक्षा-स्टॅंडवर एका चालकाच्या मांडीवर पाहिला. तो त्यातून चपाती खात होता. तांब्या-पितळेची भांडी देणार असाल तर ती आधी बाजारात विका आणि वाटल्यास पैसे खोलीला द्या. पितळी हंडा खोलीत शंभर रुपयांना जातो आणि विकत घेणारा तो दुपारी मोडीत घालतो, हे स्वयंसेवकांनाही माहीत आहे. आशीर्वादित वस्तू मात्र अन्य कुठेही नेऊ नका. आणि जूनपासून गणपती उलटेपर्यंत खोली ओलीमुळे बंद असते, तेव्हा जे काही द्यायचे ते पावसाआधी.

माझ्याकडून एकच वस्तू त्यांनी दोनदा परत पाठवली. वडील पहाटेच्या गाडीने मुंबईला दूध नेत, त्यांची ॲल्युमिनियमची मापे: एक लिटर, अर्धा, पाव, आणि कडी तुटलेले सर्वांत लहान. पहिल्या वेळी बाई म्हणाल्या, “सर, यात आता दूध कोण मोजणार?” दुसऱ्या वेळी मी ती चिंचेने घासून, चकचकीत करून नेली, त्यांनी चारही हातात घेऊन पाहिली, एकात एक बसवली, आणि पुन्हा माझ्या पिशवीत ठेवली. सध्या ती नव्या घराच्या खिडकीत आहेत. लिटरच्या मापात पट्ट्या आणि पेन्सिली उभ्या राहतात. पाव लिटरच्या मापात पत्नी सुट्टे पैसे टाकते.